मुराळ्याचा व्हिसा

आमची वहिनी पौर्णिमेला पांढरी साडी नेसून भीमेकाठी जायची आणि पाण्यात पाय सोडून बसायची. बाकी काही नाही, नुसती बसायची. पलीकडच्या काठाला दौंड तालुका. उसाला तुरे आलेले, कुठंतरी गुऱ्हाळ पेटलेलं, त्याचा गोड धूर पाण्यावर रेंगाळत असायचा. मी माहेरी आलेली असले की तिच्या शेजारी जाऊन बसायची. एकदा तिनं विचारलं, "ताई, हे पानी कुटं जातंय?" मी पडले मास्तरीण, उत्तर द्यायची खोड. म्हटलं, भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्राला. ती पाय हलवत म्हणाली, "मंग आमच्याकडंच चाललंय की." आणि त्या पाण्याकडं अशी बघत राहिली की मलाही वाटायला लागलं, हे आपल्या घाटावरचं पाणी उद्या-परवा तिच्या आईच्या दाराशी पोचणार आहे.

वहिनी श्रीलंकेची. आता हसायचं असेल तर हसून घ्या, अख्खं वडगाव रासाई हसलं होतं. "सीतेला तिकडं नेली, ह्यांनी तिकडची इकडं आणली!" पारावर एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या द्यायच्या. मी तशी तोंडाची फटकळ. एकदा थेट पारासमोर उभी राहून म्हणाले, "आणली म्हणजे काय, पाटीत घालून आणली का? स्वतःच्या पायानं आलीय. तुमच्या घरी कुणी येईना, त्याला आम्ही काय करणार?" त्यानंतर निदान माझ्या देखत तरी ते थांबलं.

माझा दादा आखाती देशात एसी मेकॅनिक होता. तिथल्या एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत ही कामाला. कुणाच्या तरी खोलीवर चार देशांची माणसं जमून बुद्धपौर्णिमेची वंदना घेत होती, तिथं ह्या दोघांची गाठ पडली. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. लग्न आमच्या बौद्धवस्तीतल्या विहारात झालं. तिच्या घरचं कुणी आलं नाही. आई म्हातारी, डोळ्यांनी अधू, वडील नाहीत, एक भाऊ. फोनवरून त्यांनी होकार दिला होता, पण तो होकार मोकळ्या मनानं दिलेला की नाइलाजानं, ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत दादा पुन्हा कामावर गेला आणि वहिनी आईआबांजवळ राहिली.

आईला मराठीशिवाय काही येत नव्हतं आणि वहिनीला मराठीतलं काही येत नव्हतं. पहिले काही दिवस दोघी एकमेकींकडं बघून नुसत्या हसायच्या. मग एका संध्याकाळी आईनं उदबत्ती लावून त्रिसरण म्हणायला सुरुवात केली, आणि मागून वहिनीचा आवाज आला. शब्द तेच, चाल निराळी. आईची चाल आमची, ठसक्याची. वहिनीची लांबट, झोके घेणारी. आईनं डोळे उघडले नाहीत. पुढच्या ओळीला तिनं आपला आवाज जरा खाली आणला, वहिनीनं जरा वर नेला, आणि दोघींचं कुठंतरी मधे जमलं. मी दारात उभी होते. त्या दिवसापासून ती आईच्या मागं मागं फिरत मराठी शिकली, आणि शिकली तीही आईचीच. मी शाळेत पोरांना 'नाही म्हण, न्हाई म्हणू नकोस' असं शिकवणारी, आणि ही परदेशातली बाई मला सांगणार, "ताई, मीठ कमी झालंया, तवा जरा टाका." भाताला, कालवणाला, भाकरीलासुद्धा ती नारळ घालायची. आबा ताटात बघून म्हणायचे, "ह्यात बी खोबरं? चहात तेवढं घालू नगंस."

आबा म्हणजे आमचे वडील. दौंडला रेल्वेत पॉइंट्समन होते, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलून देणारा माणूस. रिटायर होऊन गावी आले तरी लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली की हातातलं काम थांबवून ऐकत राहायचे. वहिनीला सकाळी स्वप्न सांगायची सवय होती. एकदा चुलीपुढं बसून म्हणाली, "आबा, सपनात तुमची गाडी समुद्रावरनं चालली हुती. आन् तुमी पाण्यात उभं राहून झेंडी दावीत हुता." आबा किती तरी वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, "पाण्यावर पॉइंट कुठं मारायचा पण?" वहिनी हसून हसून लोळायची बाकी राहिली.

मग नात झाली. आमच्याकडंच झाली, शिरूरच्या दवाखान्यात. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण ते कसं जमणार? नात आबांच्या खांद्यावरच वाढली. त्यांच्या मिशा ओढायची, त्यांच्या ताटात हात घालायची. तिचा पहिला शब्द 'आबा'. आईला ह्याचा इतका राग आला होता, की दोन दिवस ती आबांशी धड बोलली नाही.

वहिनीच्या घरचा फोन यवतला माझ्या सासरी यायचा. गावात फोनची सारखी बोंब, म्हणून रविवारी सकाळी वहिनी पोरीला घेऊन नदी ओलांडून माझ्याकडं यायची आणि फोनपाशी बसून राहायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. भाषा कळत नव्हती, पण एक वाक्य दर वेळी यायचं, पलीकडून, आणि त्याच्यावर वहिनीचा आवाज बारीक व्हायचा. एकदा विचारलंच, काय गं म्हणते आई? तिनं पदरानं नाक पुसलं. "कवा येतीस, म्हनती. डोळं पार गेलं तिचं. पोरीला हातानं तरी बघू दे म्हनती."

लग्नाला तीन वर्षं होत आली होती. जायचं तर होतंच. पण नुसतं जाऊन भागणार नव्हतं, परत येता आलं पाहिजे होतं, आणि खरी मेख तिथं होती. मी शाळेतून रजा टाकून वहिनीला घेऊन पुण्याला परदेशी नागरिकांची नोंद होते त्या ऑफिसात गेले. काउंटरवर एक चष्मेवाल्या बाई होत्या, तोंडावर हसू नाही, पण सांगायच्या नीट. म्हणाल्या, ह्यांचा व्हिसा भारतीय माणसाची बायको म्हणून मिळालेला आहे, दर वर्षी इथं वाढवून घेता तोच. देश सोडला की तो संपला. मग रस्ते तीन. एक, तशाच जा, तिकडच्या आपल्या कचेरीत नव्यानं बायको म्हणून अर्ज करा. किती दिवस लागतील ते मी सांगू शकत नाही. दोन, टुरिस्ट व्हिसावर परत या. तो लवकर मिळेल, पण पाहुण्यासारखा, मुदत संपली की पुन्हा बाहेर. तीन, जायच्या आधी इथूनच परत येण्याची परवानगी घ्या. ती मिळाली तर ठरलेल्या तारखेच्या आत विमानातून उतरायचं. तारीख चुकली तर पुन्हा पहिला रस्ता.

मला तिसरा पटला. एसटीत बसूनच मी सगळं ठरवून टाकलं. घरी आले, आबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "न्यायला कोण येणार?"

"न्यायला?"

"मुराळी कोण?"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. सासरहून लेकीला माहेरी न्यायला माहेरचं माणूस येतं, बहुतेक वेळा भाऊ. तो मुराळी. पंचमीला, दिवाळीला यवतच्या माझ्या घराच्या दारात दादाची सायकल वाजली की मला चपला सापडायच्या नाहीत, इतकी माझी घाई. मुराळी आला म्हणजे माहेर अजून आठवण ठेवून आहे, असा त्याचा अर्थ. तो न येताच बाई निघाली, तर रुसून निघाली नाही तर हाकलून दिली, असं लोक समजतात. पण हे यवत ते वडगाव रासाई! मधे समुद्र असताना कसला मुराळी?

"आबा, ती विमानानं जाणार आहे," मी म्हटलं.

"रेडा जुंपून जाईना का. मुराळी आल्याबिगर माझ्या घरची सून एकटी उंबरा वलांडणार न्हाई."

मी भांडले. चांगली कडाक्याची भांडले. आई मधे पडली आणि मला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथं तिनं जे सांगितलं ते तोवर मला माहीत नव्हतं. आईच्या माहेरी इतकी ओढगस्त होती की न्यायला यायला कुणाला एका दिवसाची मजुरी सोडणं परवडायचं नाही. आई दादाला काखेला मारून एकटीच चालत माहेरी जायची. घाटावर धुणं धुणाऱ्या बाया विचारायच्या, "काय गं, टाकली का काय नवऱ्यानं?" आईनं ते हसण्यावारी नेलं, आबांनी नाही. त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली होती, की आपल्या सुनेला हे कुणी विचारता कामा नये. एवढं सांगून आई म्हणाली, "आन् खरं सांगू का, त्यास्नी भ्या वाटतंया. पोर गेली आन् परत आलीच न्हाई तर? भाऊ येऊन आपलं घर बघून गेला, तर नातं पक्कं हुईल, असं त्यांच्या मनात हाय." खरं तर ते भय आम्हा सगळ्यांच्याच पोटात होतं. दादा परदेशात, सून परदेशी. ती तिकडं रमली तर आम्ही कोण अडवणारे? हे कुणी बोलायचं नाही, एवढंच.

तर ठरलं, भावाला बोलवायचं. त्याला भारताचा व्हिसा पाहिजे, त्यासाठी आमच्याकडून बोलावण्याचं पत्र. आबांनी मला समोर बसवलं आणि मजकूर सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, आबा, 'बहिणीला भेटायला' एवढंच लिहू. ते म्हणाले, खोटं कशाला? तो काय भेटायला येतोय? न्यायला येतोय. मग त्यांनी सांगितलं तसंच्या तसं, शब्दाला शब्द, मी इंग्रजीत उतरवलं: आमच्या रीतीप्रमाणे आपण स्वतः न्यायला आल्याशिवाय आम्ही आमच्या सुनेला घराबाहेर पाठवू शकत नाही. खाली आबांची सही, सरपंचांचा शिक्का. मी तेव्हाच म्हटलं होतं, आबा, हे बरं वाटत नाही वाचायला. "तुला काय कळतंय," ते म्हणाले. "मान दिलाय त्यास्नी."

पत्र गेलं. आबांनी वासे धुऊन घेतले, दाराला रंग दिला, पाहुण्याला खाट पाहिजे म्हणून नवी नवार आणली. वहिनी रोज सकाळी नवं स्वप्न सांगायची, भाऊ आलाय, भाऊ घाटावर वाट चुकलाय, भाऊ आईला पाठुंगळी घेऊन आलाय. त्या दिवसांत घरातली सगळी माणसं चालता-बोलता झोपेत असल्यासारखी वागत होती. नदीवर धुकं, अंगणात शेवंतीचा वास, आणि बाहेर कुणाची गाडी वाजली की सगळ्यांच्या माना एकदम वळायच्या.

आणि एके दिवशी खरंच गाडी वाजली. उतरला कोण? शिरूरचा हवालदार!

मी नेमकी तिथंच होते. हवालदार खाटेवर टेकले, नव्या नवारीवर, पाणी प्यायले आणि अवघडून म्हणाले, "आबा, वरनं चौकशी आलीय. तुम्ही एका परदेशी बाईला घरात डांबून ठेवलंय का?"

आबांचा चेहरा मला अजून दिसतो. आयुष्यभर ज्यानं सिग्नल चुकवला नाही, त्या माणसाला कुणी तरी भर वस्तीत चोर म्हणावं तसा. आमचं पत्र तिकडच्या कचेरीत कुणी तरी वाचलं होतं, आणि वाचणाऱ्यानं त्याचा सरळ अर्थ काढला होता: भाऊ येऊन सोडवेपर्यंत हे लोक बाईला घराबाहेर पडू देत नाहीत. अहो, बरोबरच आहे! मीही परकी असते तर तेच समजले असते. त्या घटकेला मात्र मी हवालदारांवर अशी काही तुटून पडले की आईनं माझा दंड धरून मला मागं ओढलं.

हवालदार बिचारे भले होते. म्हणाले, मला बाईंशी एकटं बोलावं लागेल. आम्ही सगळे अंगणात गेलो. पण आमची घरं ती काय, भिंतीला कान लावायचीही गरज नाही. आतून विचारलेलं ऐकू आलं, "तुम्हाला तुमच्या देशात जायचंय का?"

"जायचंय," वहिनी म्हणाली.

आबांनी डोळे मिटले.

"आन् यायचंय बी," वहिनी म्हणाली. "दोन्ही लिवा. एकच लिवू नगा."

हवालदारांनी दोन्ही लिहिलं. चहा घेऊन गेले. पण भावाचा अर्ज त्या चौकशीत अडकला तो अडकलाच. विचारायला गेलं की एकच उत्तर, विचाराधीन आहे. कुणाचा विचार, कसला विचार, देव जाणे. आणि एका रविवारी फोनवर भावानं सांगितलं, आईनं अंथरूण धरलंय.

वहिनी रडली नाही. फोन ठेवून माझ्या स्वयंपाकघरात आली आणि पोळपाटासमोर बसून पोळ्या लाटायला लागली. लाटतच राहिली. कणीक संपली तरी हात फिरत होता. मी तिला घेऊन तडक वडगाव रासाईला आले आणि आबांसमोर उभी राहिले. मनात सगळं भांडण तयार होतं. एक शब्दही बोलावा लागला नाही. आबांनी वहिनीकडं पाहिलं आणि विचारलं, "मुराळी माहेरचाच लागतो न्हवं?"

"व्हय," आई म्हणाली.

"मंग आजपासून मी हिच्या माहेरचा. मी नेतो."

"अवो, तुमी सासरं! सासऱ्यानं कवा कुनाला माहेरी नेलंय?"

"समुद्रापतुर सासरा," आबा म्हणाले. "पलीकडं गेलो की बाप."

दादानं मागं कधीतरी सगळ्यांना तिकडं न्यायच्या हौसेनं पासपोर्ट काढून ठेवले होते, आबांचा, आईचा, नातीचाही. ते ट्रंकेत तसेच पडून होते. मी पुन्हा पुण्याला खेटे घातले. चष्मेवाल्या बाईंना सगळी कथा सांगितली, मुराळ्यासकट. त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "माझा भाऊ येतो अजून, संगमनेरहून." परत येण्याची परवानगी मिळाली, मुदतीसह. आणि आबांना? त्यांना आधी व्हिसाच नको होता! आपल्या लोकांना तिथं विमानतळावर उतरल्यावर शिक्का मिळत होता. ज्यांना तिकडं कुणी ओळखत नाही त्यांना दार उघडं, आणि जिला इथं घर आहे, नवरा आहे, पोर आहे, तिला परत यायला तारीख! मला ह्याचा अजूनही संताप येतो.

दौंडहून मद्रासची गाडी, पुढं विमान. निघताना आईनं वहिनीची ओटी भरली. आबांनी रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा बूट घातले होते आणि ते जपून जपून चालत होते. नात त्यांच्या खांद्यावर बसून आम्हाला टाटा करत होती. गाडी हलली तशी आई मला म्हणाली, "येतील न्हवं गं सगळी?" मी म्हटलं, "येतील, न यायला काय झालं?" आणि माझाच आवाज मला परका वाटला.

मुदत संपायला थोडे दिवस राहिले असताना आबा आले. एकटे.

मी स्टेशनवर गेले होते उतरवून घ्यायला. डब्यातून ते उतरले, मी त्यांच्या मागं बघत राहिले, मागून कुणी उतरलंच नाही. "वहिनी कुठंय? पोरगी कुठंय?" मी ओरडलेच. आबा म्हणाले, "घरी चल, सांगतो." मी म्हटलं, "इथंच सांगा."

मग बाकावर बसून त्यांनी सांगितलं. माडांच्या बागेत एवढंसं घर, ओसरीवर चटई, चटईवर ती म्हातारी. दोघी पोचल्या तेव्हा तिनं आधी लेकीचं तोंड हातानं चाचपलं, कपाळ, डोळे, हनुवटी, आणि मग नातीचं. नात हसली तर तिच्या दातांवरून बोट फिरवलं. त्या दिवसापासून लेकीचा हात तिनं सोडला नाही. झोपेत सुटला की दचकून जागी व्हायची आणि हवेत चाचपायला लागायची. आबा शेजारी बसायचे. भाषा नाही, काही नाही. दुपारी माडांची सावली ओसरीवरून हळूहळू सरकायची, कुठंतरी नारळ पडल्याचा आवाज यायचा, आणि दोघं म्हातारे न बोलता बसून राहायचे. संध्याकाळी वंदना. "आपल्या आईसारखी चाल न्हाई तिची," आबा म्हणाले, "पन मी धरली हळूहळू."

मग निघायची वेळ आली. वहिनीनं पिशवी भरली. डोळ्याला डोळा देईना, नुसती पिशवी भरत होती. "तवा मीच म्हनलं, तू ऱ्हा."

"आबा, तारीख संपतेय! पुन्हा कधी सोडतील, काय सोडतील, काही नेम नाही. त्या बाईंनी सांगितलं होतं ना?"

"म्हाईत हाय मला."

"मग? तुम्हालाच भीती होती ना, ती परत येणार नाही म्हणून?"

"अजून हाय की," आबा म्हणाले. "पन आईच्या हातातनं लेकीचा हात सोडवून आणू व्हय मी? कागदावरच्या तारखेपायी? ते न्हाई माझ्यानं व्हायचं." आणि एवढं बोलून माझा बाप, ज्याला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, स्टेशनच्या बाकावर हमसून हमसून रडला. पोरीची आठवण येत होती त्यांना. तिथून निघाल्या दिवसापासून.

दादानं फोनवर आरडाओरडा केला. माझा त्याच्यावर राग नाही, त्याचं घर होतं ते. आई जेवायला वाढायची तेव्हा चुकून चार ताटं घ्यायची आणि दोन परत ठेवायची. परवानगीच्या मुदतीचा दिवस उजाडला, मावळला. आबा त्या संध्याकाळी नदीवर जाऊन बसले. मी त्यांच्यामागं गेले नाही.

काही आठवड्यांनी फोन आला, सकाळचा. आबा योगायोगानं माझ्याकडंच होते. वहिनीनं सांगितलं, पहाटे आई गेली. हात हातातच होता. आबांनी "बरं" म्हटलं, दोनदा म्हटलं. मग पलीकडून वहिनीनं विचारलेलं मलाही ऐकू आलं, इतका तिचा आवाज चिरकत होता. "आबा, आता हितं माजं कुनी न्हाई. भावाचं घर भावाचं. आन् तिकडचा व्हिसा बी गेला. मी कुटली आता?"

"आमची," आबा म्हणाले. "बाकीचं ताई बघंल."

म्हणजे मी! बघितलं बाई. पहिला रस्ता धरला, तिकडून नव्यानं अर्ज. लग्नाचा दाखला, पोरीचा दाखला, सरपंचांचं पत्र. ह्या वेळी मजकूर मी लिहिला आणि आबांना वाचूनसुद्धा दाखवला नाही. दादा कामावरून दोनदा रजा घेऊन थेट तिकडंच गेला, एकदा कागदांवर सह्या करायला आणि शेवटी बायकोला आणायला. तरी एका कचेरीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, कधी हा शिक्का नाही, कधी तो. शेवंती येऊन गेली, ऊस तुटून गेला, पुन्हा लावला. वहिनीचे फोन यायचे, आम्ही आबांकडं रिसीव्हर द्यायचो, आणि ते म्हणायचे, "पोरीला दे." पोरगी पहिल्यांदा खूप बडबडायची. मग थोडी. मग तिकडून नुसता श्वास ऐकू यायला लागला, आणि मागून वहिनी, "बोल की गं, आबा हायत."

अखेर व्हिसा मिळाला. मद्रासची गाडी दौंडला सकाळी येणार होती. आबा अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून उजाडायच्या आत तयार. गाडी लागली. दादा उतरला, सामान उतरलं, वहिनी उतरली. वाळली होती, पण हसत होती. तिनं वाकून आईच्या पायांना हात लावला आणि आईनं तिला जी मिठी मारली ती सोडेचना. मागून दादानं नातीला खाली घेतलं. उंच झाली होती, केस वाढले होते, दोन वेण्या. आबांनी दोन्ही हात पुढं केले. "ये गं माझी बाय."

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. एक पाऊल मागं गेली, आणि वहिनीच्या साडीत शिरली. तिथूनच तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. वहिनीचं हसू मावळलं.

"काय म्हनती?" आबांनी विचारलं.

वहिनीनं पोरीची वेणी सारखी केली. मग तिनं खाली बघत सांगितलं, "हे कोन, म्हनती."

सून परत येणार नाही, ह्या भीतीनं आम्ही वर्षभर जीव मुठीत धरून बसलो होतो. सून आली होती. ह्या दुसऱ्या गोष्टीची भीती धरायचं कुणाला सुचलंच नव्हतं. वहिनी घाईघाईनं पोरीला समजावायला वाकली, तसे आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तू नगं सांगू. मी सांगतो." आणि माणसांची ये-जा चालू असताना, सामानाच्या शेजारी, इस्त्रीच्या कपड्यांनिशी ते प्लॅटफॉर्मवर मांडी घालून खाली बसले.